कानबाईचा आंडोर

मला अहिराणी येत नाही हे माझ्या सासरच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. येते असं फक्त मलाच वाटायचं. मी वाढले वरणगावला, कारखान्याच्या वसाहतीत. एका बाजूला बिहारी शेजारी, दुसऱ्या बाजूला मल्याळी, त्यामुळे आमची भाषा अर्धी मराठी आणि अर्धी ‘सुनो ना’. वडील अस्सल धुळ्याकडचे, पण पोरींनी शुद्ध बोलावं म्हणून त्यांनी आपली बोली चपलांबरोबर दाराबाहेरच काढून ठेवली. लग्न होऊन मी धुळ्यात आले, ब्यूटी पार्लर टाकलं, तर तिथेही काही शिकायला मिळालं नाही. घरी कितीही अहिराणी बोलणारी बाई असो, पार्लरच्या खुर्चीत बसली की जिभेलासुद्धा पावडर लावते.

तेव्हा मी माझा माझा एक नियम काढला होता. मराठी वाक्य घ्यायचं आणि शेवटी ‘शे’ लावायचं. ‘मी आले शे.’ ‘चहा घेणार शे का?’ सासरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मला वाटायचं, किती आनंद होतोय बघा यांना माझ्या तोंडून आपली भाषा ऐकून.

सासर आमचं धुळ्याजवळच, पांझरेच्या काठी. मी आणि नवरा शहरात, गावच्या घरात सासूबाई आणि माझी मोठी जाऊ. मोठ्या जावेला सगळे अक्का म्हणतात, मीही. अक्का म्हणजे घराचा खांब वगैरे मी म्हणणार नाही, कारण खांब गप्प असतो आणि अक्का अजिबात गप्प नसायची. ट्रॅक्टरवाल्याशी भांडायची, कापसाच्या व्यापाऱ्याशी भांडायची, टीव्हीतल्या सासवांशी तर रोजच भांडायची. गेल्या वर्षी आषाढात माझे जेठ, अक्काचे यजमान, छातीत कळ येऊन गेले आणि अक्काचं भांडणं बंद झालं. मला ती शांतता सहन व्हायची नाही. मूलबाळ नव्हतं, घर हेच काय ते तिचं.

गेल्या श्रावणात दुःखामुळे घरात कानबाई बसलीच नाही. यंदा बसवायची ठरली. ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ही आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. रविवारी घरी येते, चौरंगावर बसते, नारळाला डोळे, नाक, नथ लावून तिला नटवतात, आणि सोमवारी सकाळी वाजत गाजत नदीवर जाते. सगळी भाऊबंदकी त्या दिवशी एका घरात कोंबलेली असते. नदीवर जाताना तो चौरंग घरातली थोरली सून डोक्यावर घेते. आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून तो मान अक्काचा होता. तो जड चौरंग डोक्यावर घेऊन ती डफाच्या तालावर अशी नाचायची की बघणाऱ्याचे हात आपोआप सावरायला पुढे व्हावेत, पण कानबाईच्या नथीतला मोती हलायचा नाही.

शनिवारी मी गावी पोचले, तर चुलतसासरे ओट्यावर बसलेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. भाऊबंदकीत हयात असलेले तेच सर्वांत वडील, त्यामुळे रीतीभाती त्यांच्या ताब्यात. मला बघून म्हणाले, “धाकली, यंदा कानबाई तुन्हा डोकावर. सवाशीन बाईनंच लेवाले जोयजे.” म्हणजे आता अक्कानं नाही.

मी आत गेले. अक्का पिशवीत साड्या भरत होती. चाळीसगावला तिचा भाऊ राहतो, तो सोमवारी न्यायला येणार होता.

“किती दिवसांसाठी?” मी विचारलं.

“जेवढा ऱ्हायनात तेवढा,” ती म्हणाली, आणि पुढे अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, “माले आठे काम काय शे आते?” इथे आता तिचं काय काम, असं.

ती चौरंगासाठी रुसली नव्हती. तिला एवढंच कळलं होतं की कानबाईच्या दिवशी जिला मागे उभं राहायला सांगतात, तिला उद्या चुलीजवळूनही मागे सरकायला सांगतील. ती गेली असती तर परत आली नसती. ती तशीच आहे. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

माझ्या रागाला वाट दाखवली नणंदेनं. ती शिरपूरहून आली होती आणि येताना एसटीतच दोन बायांशी मैत्री आणि एकीशी वैर करून आली होती. गच्चीवर आम्ही दोघी गंगाफळ चिरत बसलो होतो. कानबाईच्या नैवेद्याला ही लाल भोपळ्याची भाजी लागतेच. मी सगळं सांगितलं. तिनं विळीवरून मान वर केली आणि म्हणाली, “वहिनी, तुन्हा आंगमा कानबाई आन.”

“काय?”

“सोमवारे आबानी तुले चौरंग दिधा का तू घुमाले लाग. केस मोकळा सोड. कानबाई सांगस, माले अक्काना डोकावर दे. मंग आबा काय बोलतीन? देवीसंगे भांडतीन?”

मला ही कल्पना एवढी आवडली की मी गंगाफळाच्या बियांसकट टोपली लवंडली. तुमच्याच अंगात का नाही आणत, म्हटलं, तर ती म्हणाली, “मन्हा आंगमा दरसाल येस. आते कोनी खरं मानस नही.”

झालं, तालीम सुरू. रविवारचा सगळा दिवस आम्ही कामातून निसटून गच्चीवर. ती मला घुमायला शिकवायची. मी घुमले की म्हणायची, “वहिनी, हाई देवी शे का मिक्सर?” मग हसून हसून दोघी भिंतीला टेकायचो. खरी अडचण भाषेची होती. कानबाई अहिराणी बोलते. आजवर कुणाच्या अंगात आलेली कानबाई शुद्ध मराठीत बोललेली नाही. तेव्हा नणंदेनं मला वाक्यं पाठ करायला दिली. कानबाई बठ्ठास्नी शे, म्हणजे सगळ्यांची आहे. अक्का कानबाईनी आंडेर शे. आंडेर म्हणजे मुलगी. आंडोर म्हणजे मुलगा. “वहिनी, काही बी चुक, पन हाई चुकू नको,” ती बजावत होती, आणि मी जिन्यात, न्हाणीघरात, पुरण वाटताना आंडेर आंडेर पुटपुटत होते. सासूबाईंनी एकदा कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

मोठी सून घरात दुःखानं पिशवी भरतेय आणि धाकटी गच्चीवर खिदळतेय, हे काही बरं दिसत नव्हतं. पण खरं सांगते, त्या घरात वर्षभरात कुणी तसं हसलं नव्हतं. अक्काही एकदा खालून ओरडली, “काय चाली ऱ्हायनं व वर?” तिच्या आवाजात वर्षभरानंतर भांडणाची जरा चव होती. आम्ही तोंडात ओढणीचे बोळे कोंबले.

सोमवारी सकाळी अंगण खचाखच भरलं. डफवाले आले, पोरांनी उधळायला लाह्यांच्या टोपल्या भरल्या, माझ्या भावानं पाठवलेले रावेरकडचे केळीचे खांब चौरंगाला बांधले. कानबाई अशी नटली होती की माझ्या पार्लरमधली एकही नवरी तिच्यापुढे उभी राहिली नसती. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी, पिशवी पायाशी. नणंदेनं माझ्यामागे उभं राहून अंबाड्याची पिन गुपचूप काढली. केस मोकळे झाले. आबा म्हणाले, “धाकली, चाल, ले डोकावर.”

डफ सुरू झाला. आता घुमायचं.

मी कानबाईसमोर उभी होते, हातभर अंतरावर. आणि मला काय झालं सांगते. मला घुमता येईना. मी तिला मानते. लोकांसमोर नाही, मनापासून मानते. माझं पार्लर चालेना तेव्हा तिलाच सांगितलं होतं, जेठ दवाखान्यात होते तेव्हाही तिलाच. जिला मी सगळं खरं सांगत आले, तिच्याच तोंडावर तिचंच नाव घेऊन खोटं बोलायचं? गच्चीवर ही गंमत होती, आता तिचे डोळे माझ्याकडे होते. नाही जमणार, म्हटलं मनात. बोलायचं ते स्वतःचं म्हणून बोलू, आबा रागावले तर रागावोत.

माझे पाय लटलटत होते. मी तोंड उघडलं. बोलायचं होतं माझं मी, पण आदला दिवसभर जे घोकलं तेच जिभेवर बसलेलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून पाठ केलेलंच आधी बाहेर पडतं.

“कानबाई बठ्ठास्नी शे!” मी ओरडले. डफ थांबला. “अक्का कानबाईनी आंडोर शे! मी कानबाई डोकावर घेणार नाही शे!”

मग कोपऱ्यातून एक म्हातारी किंचाळली, “माय व! उनी! कानबाई उनी!” आली म्हणे, कानबाई आली.

आणि अंगण कोसळलं. मोकळे केस, थरथरते पाय, आणि शहरातली सून चक्क अहिराणी बोलतेय म्हणजे हा देवीचाच चमत्कार. बाया पटापट पाया पडायला लागल्या. कुणी माझ्या कपाळावर हळदीचा मळवट भरला, कुणी तोंडासमोर लिंबू धरलं. आबांचे गुडघे दुखतात, तरी दोघा पुतण्यांनी धरून त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि त्यांनी हात जोडले. शेजारची एक बाई पदर पसरून विचारायला लागली, “माय, मन्हा आंडोरनं लगीन कवय व्हई?”

“अहो, मला काय माहीत!” मी म्हटलं.

ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली, “देवीले बी माहीत नही,” आणि डोळ्याला पदर लावला. हल्ली शेतकऱ्याच्या पोरांची लग्नं जमत नाहीत, हे तिला देवीनंही कबूल केल्यासारखं झालं.

नणंदेनं माझ्या कमरेला असा चिमटा काढला की निशाण आठवडाभर राहिलं. ‘चूप बस’ असा त्याचा अर्थ होता. तिचं बरोबर होतं. काम फत्ते झालं होतं. आबा हात जोडून बसले होते, मी नुसती गप्प राहिले असते तरी चौरंग अक्काच्या डोक्यावर गेला असता. एवढं सोपं होतं. पण समोर ती बाई रडत होती, आणि माझ्या मागे कानबाई होती, आणि मी जे टाळायला तोंड उघडलं होतं तेच माझ्या नावावर चढत होतं.

“मी देवी नाही,” मी म्हणाले.

“रागावनी, रागावनी,” बाया म्हणाल्या आणि आणखी वाकल्या.

“अहो, कुणी अंगात आलेलं नाही! मी धाकटी सून आहे! पार्लरवाली!”

“देवी आसंच म्हनस,” ती कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली.

मी रडकुंडीला आले. देव नसताना देव म्हणवून घेणारे पुष्कळ पाहिले होते, पण देव नाही हे पटवून देणं इतकं अवघड असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. एका पोरानं तर मोबाईल काढून माझं चित्रण सुरू केलं. आणि कुणीतरी विचारलं, ही आंडोर का म्हणते, तर दुसरी ठामपणे म्हणाली, “जुनी अहिराणी शे ती.”

तेव्हा हसल्याचा आवाज आला. सासूबाई. त्या चौरंगाशेजारी पाटावर बसल्या होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी. थोरला मुलगा गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं.

“उठा व बठ्ठ्या,” त्या म्हणाल्या. “कानबाईले आंडोर आनि आंडेर समजस. हाई कानबाई नही. हाई मन्ही धाकली वहू शे. असी अहिराणी दुनियामा हाई एकलीच बोलस.”

पाया पडलेल्या बाया हळूहळू उठल्या. आबांना पुतण्यांनी पुन्हा उचलून उभं केलं. आता त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सगळ्या भाऊबंदकीसमोर पार्लरवाल्या सुनेपुढे हात जोडलेले. ते म्हणाले, “थट्टा करी ऱ्हायनात का आमनी?”

“थट्टा नाही, आबा,” मी म्हटलं. आवाज फाटत होता, पण आता माझाच होता. “मला अंगात आणून तुमच्याकडून करून घेता आलं असतं. मला ते कानबाईसमोर करवलं नाही. म्हणून माझं मी सांगते. हा चौरंग मी डोक्यावर घेणार नाही. अक्का घेणार असेल तर माझ्या डोक्यावर लाह्या पडल्या तरी पुरे.”

“आशी रीत नही,” आबा म्हणाले. दोनतीन बाया माना हलवत होत्या. माझा नवरा केळीच्या खांबाला धरून उभा, जणू तो खांब सोडला तर पडेल. मग त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, “अक्काच ली.” अक्काच घेईल, एवढंच. बिचाऱ्याचं ते आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण.

पण ठरवलं सासूबाईंनी. त्यांनी डोळे पुसले. कानबाईच्या नैवेद्याचे रोट करायचे तर घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू काढायचे असतात. ते काम त्यांचं.

“आबा,” त्या म्हणाल्या, “शनवारे गहू काढात. बठ्ठास्न्या मुठी काढ्यात. मन्हा मोठा आंडोरनी बी काढाई गयी. हात थांबना नही. मंग ते गहू परत टाकाले मन्हा हात उठना नही. दळी टाकं. दोन दिवस ईचार करी ऱ्हायनू, ती मूठ कोनी?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “धाकली म्हनस अक्का आंडोर शे. चुकीनं म्हनस, पन म्हनस. मंग ती मूठ तिनी शे.” म्हणजे जेठांच्या नावाची मूठ आता अक्काची.

आबा काही बोलणार होते. सासूबाईंनी हात वर केला.

“आनि मन्हा डोकावरथीन कानबाई काढी, तवय माले कोनी इचारं नही. मी बी बोलनू नही. आते इचारी ऱ्हायनू.” त्या दाराकडे वळल्या. “अक्का, लेस का?”

म्हणजे अक्का यायच्या आधी सासरे गेले, तेव्हा यांच्याही डोक्यावरून हा चौरंग असाच काढला होता. तो अक्काच्या डोक्यावर गेला आणि अक्काचा मान झाला. हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, नव्या सुनेला कौतुकानं दिला असेल. अंगणातल्या कितीतरी म्हाताऱ्या खाली बघायला लागल्या.

अक्का दारातून हलली नाही. मला वाटलं, संपलं, ती नाही म्हणणार. तिनं पदर खोचला. मग ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आंडोर?”

“चुकलं, अक्का.”

“मन्ही मिशी शे का?”

आणि ती हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम, आणि मीही, आणि नणंद तर भोकाड पसरून. अक्कानं चुंबळ डोक्यावर ठेवली, आम्ही दोघींनी चौरंग उचलला आणि तिच्या डोक्यावर दिला. डफवाल्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

सगळेच काही आले नाहीत. आबा आपल्या घरच्या ओट्यावर जाऊन बसले, दोन घरच्या बाया आपापल्या घरी गेल्या, त्यांनी पुढे बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. त्यांचं मन मला कळतं, राग मात्र अजून आहे. पण उरलेलं गाव रस्त्यावर होतं. लाह्या उडत होत्या, फुगड्या चालल्या होत्या, लग्नाळू पोराची ती आई माझा हात धरून गरागरा फिरत होती. आणि मधोमध अक्का, वर्षभर भिंतीला टेकून बसलेली अक्का, अशी नाचत होती की मी हळदीच्या मळवटासकट रस्त्यात उभी राहून शिट्टी मारली. सून म्हणून मला ते शोभत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “आजून एक मार.”

पांझरेला पाणी बरं होतं. अक्का कमरेइतक्या पाण्यात गेली, कानबाईला स्नान घातलं, फुलं सोडली, नारळ पदरात घेतला. चिंब भिजून काठावर आली तर तिथे तिचा भाऊ उभा. चाळीसगावहून आला होता, घरी कुणी नाही म्हणून नदीवर आला, येताना दारातली पिशवी उचलून आणली होती. त्याला झाल्या गोष्टीतलं काहीच माहीत नव्हतं. बहिणीला बरं वाटावं म्हणून तो बिचारा भाड्याची गाडी घेऊन आला होता.

“चाल ना, अक्का,” तो म्हणाला. “गाडी उभी शे.”

अक्कानं केसांतलं पाणी पिळलं. नारळ पदरात नीट गुंडाळला आणि भावाकडे अशा नवलानं बघितलं, की त्याच्या हातातली पिशवी खाली आली.

“कोठे?” ती म्हणाली.